पलीकडचा पाय

सकाळचं पहिलं काम गाईचं दूध काढायचं, आणि त्याच्याही आधीचं काम सासूबाईंचा पाय धुवायचा. क्रम त्यांनीच लावून दिलेला. आधी पाय, मग साबणानं कोपरापर्यंत हात, मग गाय. "गिऱ्हाईक यायच्या आत वास गेला पाहिजे," असं त्या म्हणायच्या. वास काही जात नसे. गोठा म्हटला की शेण आलं, मूत आलं, भिजका चारा आला, त्या सगळ्यांचे वास नाकाला सवयीचे होतात. हा होत नाही. सडक्या बटाट्यांच्या पोत्यात हात गेला की जसा येतो तसा, वरून थोडा गोडसर. त्या गोडसरपणाचीच मला जास्त शिसारी यायची.

डावा पाय. घोट्याच्या खाली उशीसारखा फुगलेला, बोटं त्यात बुडालेली, नखं कुठेतरी वाकडी चिकटवल्यासारखी. कातडी काळपट आणि टणक, आणि तिला जागोजागी तोंडं फुटलेली. एक मिटलं की शेजारी दुसरं उघडायचं. त्या तोंडांतून पिवळट पाणी यायचं आणि पाण्याबरोबर काळे दाणे, थेट मोहरीएवढे. पट्टी सोडताना ती कातडीला चिकटलेली असायची, मी कोमट पाणी ओतून ओतून सोडवायची, आणि घमेल्यात दाणे खाली बसायचे. मग ते घमेलं उकिरड्यावर नेऊन ओतायचं. माश्या माझ्याबरोबर चालत यायच्या.

"दुखतंय का आई?"

"छे. दुखलं असतं तर काही म्हणाले असते."

हेच तर त्या पायाचं कपट होतं. दुखत नव्हता. दात दुखला तर माणूस रात्र डोक्यावर घेतं, आणि इथे हाडापर्यंत पोखरलेला पाय घेऊन ही बाई पाटावर बसून मापानं दूध घालत होती. गोधडी मांडीवरून खाली सोडलेली, पाय झाकलेला. कोणी विचारलंच तर "सांध्याची सूज" असं ठरलेलं उत्तर.

आमच्याकडे त्या रोगाला नाव नव्हतं. म्हणजे होतं, पण आमचं नव्हतं. त्याला 'पलीकडचा पाय' म्हणायचे. ओढ्याच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ते. घाण, चोऱ्या, भांडखोर सुना, खोकला, सगळं पलीकडचं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय. माझी नणंद त्याच पलीकडे दिलेली होती, तरी बोलताना कोणाची जीभ अडखळायची नाही.

ऊन तापायला लागलं की आमच्याकडे कुंपणाचं काम निघतं. जुनं काटेरी कुंपण वाळून ठिसूळ होतं, गुरं पाठ घासून घासून ते मोडतात. मग रानातून काट्यांच्या फांद्या तोडून आणायच्या, गोठ्याभोवती रचायच्या आणि पायानं दाबायच्या. हो, पायानं. काठीनं दाबलेलं कुंपण बसत नाही, माणसाचं वजन पडलं की फांद्या एकमेकींत अडकतात, असं सासूबाईंचं म्हणणं. आणि तेही अनवाणी. "चपलेनं काय कळणार, कुठली फांदी धरली आणि कुठली नाही?" त्यांची सासू तसंच करायची, त्याही तसंच करत आलेल्या, आणि या दोघी दाबतात तसं कुंपण अख्ख्या वस्तीत नाही अशी ख्याती होती. लोक बघायला यायचे.

काटा रुतला तर? रुतायचाच. तो उपटायचा आणि गोठ्यातली चिमूटभर माती त्या भोकात दाबायची. रक्त थांबतं. खरंच थांबतं, मी पाहिलंय. सासूबाईंचा त्या मातीवर एवढा विश्वास की त्यांनी ती एका डब्यात चाळून ठेवली होती, आणि आळीतल्या कोणाला खरचटलं तरी हातानं लावून द्यायच्या. कोणाला नाही म्हणाल्या नाहीत.

त्या वर्षी आमचे हे फांद्या ओढून आणत होते आणि मी रचत होते, चपला घालून. सासूबाई पाटावरून बघत होत्या.

"महाराणी आल्या कुंपण घालायला," त्या म्हणाल्या. "पायाला माती लागेल हो."

"लागायला नकोच आहे," मी म्हटलं.

"मग ते कुंपण पंधरा दिवसांच्या आत पडेल. लिहून ठेव."

"पडलं तर परत घालू, आई. पाय पडला तर काय घालू?"

ह्यांनी फांदी खाली टाकली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तो काटा. ह्यांचं सगळं आयुष्य 'आई म्हणेल तसं' या तीन शब्दांत बसतं. माणूस वाईट नाही. ओझं उचलेल, उपाशी राहील, पण आईसमोर तोंड उघडायचं म्हटलं की ह्यांना तहान लागते, घागरीकडे जातात.

सासूबाई मग उठल्याच. काठी टेकत आल्या, गोधडी बाजूला फेकली आणि पट्टी बांधलेला तो पाय उचलून फांदीवर ठेवला. दाबला. मला काटा आत जाताना दिसला, पट्टीतून सरळ आत. त्यांना कळलंसुद्धा नाही. पट्टीवर ओल पसरत गेली आणि त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अशी दाबतात." मी मागे फिरून भिंतीशी ओकले. त्यांना वाटलं मला दिवस गेले. दोन दिवस खूश होत्या.

पुढच्याच आठवड्यात नकाशावाला आला. आरोग्य खात्याचा माणूस, घामेजलेला, शर्टाच्या पाठीवर मिठाचे डाग. शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसला आणि ज्यांच्याकडे गुरं आहेत त्यांनी सगळ्यांनी यावं असं सांगावा धाडला. पलीकडचे लोकही आले, कारण तिकडे शाळा नाही. सासूबाई गेल्या नाहीत तर संशय येईल, म्हणून त्याही निघाल्या. पाय झाकायला त्यांनी सासऱ्यांचा जुना रबरी बूट काढला. सासरे जाऊन वर्षं झाली, माणूस पायानंही थोर होता, त्यामुळे तो सुजलेला पाय त्यात कसाबसा मावला. चालताना आतून पचपच आवाज यायचा. मी मोठ्यानं खोकत चालले होते, आवाज झाकावा म्हणून.

नकाशावाल्यानं भिंतीवर आधी सगळ्या पृथ्वीचा नकाशा लावला. पोटावर पट्टा बांधावा तसा त्यावर रंगाचा पट्टा होता.

"हा बघा," तो म्हणाला. "जिथे बरेच महिने कडक ऊन आणि थोडेच दिवस पाऊस, जिथे काटेरी झाडं, गुरं आणि अनवाणी माणसं, तिथे तिथे हा पाय आहे. समुद्राच्या या अंगाला आहे, त्याही अंगाला आहे. थंड मुलखात जवळजवळ नाहीच. तुम्ही या पट्ट्यात येता."

"कसला रोग म्हणायचा हा?" शिंप्यानं विचारलं. आमच्या घरासमोरच त्याचं दुकान.

"बुरशी. शिळ्या अन्नावर येते तिचीच लांबची बहीण समजा. मातीत असते, काट्याला चिकटते. काटा आत गेला की ती आत जाते आणि वर्षानुवर्षं हळूहळू घर करते. एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. शिवून नाही, दुधातून नाही. लवकर आलात तर गोळ्यांनी आणि थोड्या कापाकापीनं पाय वाचतो. उशीर झाला तर पाय जातो."

दुधाचं त्यानं आपणहून सांगितलं, मला बरं वाटलं. पण मी आजूबाजूला बघितलं तर कोणाच्या चेहऱ्यावर ते पोचलंच नव्हतं. 'बुरशी' एवढाच शब्द पोचला होता. आमच्याकडून दूध नेणाऱ्या दोघीतिघी आपापल्या नाकाशी पदर नेत होत्या.

मग त्यानं दुसरा नकाशा उलगडला, आमच्या भागाचा. मधोमध ओढा, अलीकडे आम्ही, पलीकडे ते.

"ज्यांच्या पायाला असं काही आहे त्यांनी फक्त काटा कुठे रुतला ते सांगायचं. मी तिथे ठिपका देणार. जिकडे ठिपके जास्त तिकडे औषधाची गाडी उभी राहील, दर आठवड्याला. डॉक्टर येतील. पैसे नाहीत."

म्हणजे बघा, नुसतं खरं बोलायचं होतं. गाडी आमच्या दारात आली असती.

पहिला शिंपी उठला. त्याच्या टाचेला गाठ होती हे मला माहीत होतं, मशीन चालवताना तो डावा पाय वापरत नसे. "मला तसं काही नाही," तो म्हणाला, "पण गाठ आहे. काटा पलीकडे रुतला होता." नकाशावाल्यानं ओढ्यापलीकडे ठिपका दिला. मग कुंभार, मग गवळ्याची म्हातारी. पलीकडे, पलीकडे. मग खरे पलीकडचे उठले. मेंढ्या राखणारा एक म्हातारा, दोन्ही हात काठीवर ठेवून, म्हणाला, "पलीकडे." नकाशावाल्यानं मान हलवली आणि पलीकडेच ठिपका दिला. नकाशावाल्या बिचाऱ्याला वाटलं, सगळे एकच सांगताहेत.

सासूबाईंची पाळी आली.

"माझी सांध्याची सूज आहे."

"काटा रुतला होता का?"

"रुतला असेल कधी तरी."

"कुठे?"

"पलीकडे. लेकीकडे गेले होते तेव्हा."

पोटच्या पोरीच्या दारात घाण टाकली बाईनं, डोळ्याची पापणी न हलवता. मी तोंड उघडलं. त्याच क्षणी त्यांनी तो बूट माझ्या पायावर ठेवला आणि वजन टाकलं. बुटाच्या काठावरून काहीतरी कोमट माझ्या बोटांवर ओघळलं. आता बोलले असते तर शब्दांऐवजी दुसरंच बाहेर आलं असतं, म्हणून मी तोंड घट्ट मिटून घेतलं. हे आपल्या अंगठ्यांकडे बघत उभे होते.

घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, "अहो, जाऊन खरं सांगा त्याला. अजून टेबल आवरत असेल."

"आणि उद्यापासून दूध कोण घेईल?" हे म्हणाले, आणि घागरीकडे गेले.

झालं. गाडी पलीकडे गेली. तिकडच्या गिरणीसमोर, कुठल्याशा मोठ्या झाडाखाली उभी राहायला लागली. आमच्या काठावर आनंदीआनंद. "सांगत नव्हतो? सरकारनंच शिक्का मारला, रोग पलीकडचा." शिंपी तर गिऱ्हाइकाला कापड मोजून देतानाही तेच ऐकवायचा. टाच दुकानाच्या फळीखाली लपवलेली.

मग एका दुपारी वन्सं आल्या. नणंद माझी तोंडाची तिखट, चालत आल्या त्याच भांडायला. उन्हानं लाल झालेल्या, उंबऱ्यातूनच सुरू.

"आई, माझ्या घरी गेलीस तेव्हा काटा रुतला? कधी गं? तू माझ्या दारात पाऊल टाकून किती वर्षं झाली ते तरी आठवतं का?"

"पाणी पी आधी," सासूबाई म्हणाल्या.

"पाणी नको मला. आमचं नाव नकाशात गेलंय. बाजारचे गाडीवाले आमच्याकडची भाजी घेईनात. आणि वर तुमचे लोक ओढ्यावर उभे राहून नाक दाबतात. अगं, आमच्याकडे ह्या रोगाला काय म्हणतात माहितीये? पलीकडचा पाय."

मी भांडी घासत होते, हात थांबले. "तुमच्याकडेही पलीकडचाच?"

"मग? आमच्यापासून पलीकडे म्हणजे तुम्हीच की."

मला त्या मेंढ्यावाल्या म्हाताऱ्याचे काठीवर ठेवलेले हात आठवले. त्याला आमच्याकडे बोट दाखवायचं होतं. हात मोकळा असता तर निम्मे ठिपके आमच्या अंगणात पडले असते. मला हसू आलं, आणि हसता हसता इतकी चीड आली की घासणीचा काथ्या तुटला.

वन्सं आईजवळ बसल्या. रागाचा भर ओसरला तसा वास त्यांच्यापर्यंत पोचला असावा. त्यांनी गोधडी उचलली आणि तशीच धरून राहिल्या. आपल्या आईचा पाय त्यांनी तोवर पाहिलाच नव्हता.

"आई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "गाडी माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर उभी असते. चल तू. आत्ता चल."

"तुझ्या गावात जाऊन पाय उघडा करू? मग इथे दुधाला कुत्रं तरी विचारील का? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मुठीची असेल. पायाची नाही."

सासूबाईंनी गोधडी ओढून घेतली. वन्सं गेल्या त्या पाणी न पिताच. जाताना मला म्हणाल्या, "वहिनी, तू तरी बघ गं." मी काय बघणार? मी रोज सकाळी बघतच होते.

ओढा आटत गेला. मधे हिरवी शेवाळ, काठाला काळा चिखल, त्यात मेलेली मासळी. पाय वाढत गेला. घोट्याच्या वर एक नवं तोंड फुटलं. सासूबाईंना रोज संध्याकाळी हुडहुडी भरायला लागली, जेवण तुटलं. मी काकुळतीला येऊन विनवण्या केल्या, रागावले, अबोला धरला. उत्तर एकच, "दुखत नाही ना मला? मग तुला काय दुखतंय?"

आणि मग ती सकाळ आली. घरातली एक जुनी चादर मी फाडली होती. तिच्या निम्म्या पट्ट्या पायासाठी आणि एक चौकोनी तुकडा दूध गाळायला. पट्ट्या उकिरड्याकडच्या तारेवर वाळायच्या, गाळणं चुलीच्या वर, खुंटीला. कधी एकत्र केलं नाही मी, मरेन पण करणार नाही. पण त्या दिवशी मी पाण्याला गेले होते, आणि सासूबाईंच्या पट्टीची गाठ सुटली असावी. समोर खुंटीला कापड दिसलं, ते त्यांनी पायाला गुंडाळलं, हे मागाहून त्यांनीच सांगितलं. मग माझी चाहूल लागली तशी लाज वाटून काढलं, बादलीत हिसळलं आणि परत खुंटीला लावलं. स्वच्छ दिसत होतं. ओलं होतं, पण गाळणं ओलं असतंच.

मी धार काढून आणली, कळशीच्या तोंडाला कापड बांधलं आणि ओतलं. दूध खाली गेलं. कापडावर फेस राहिला. फेस विरला आणि कापडाच्या विणीत ते दिसले. काळे दाणे. मोहरीएवढे.

आधी वाटलं शेणाचे कण. बोटानं चिरडून पाहिला. शेण मऊ असतं. हा चिरडला नाही, घरंगळला. मी कळशीत डोकावले. पांढऱ्याशुभ्र दुधावर एक दाणा हळूहळू गोल फिरत होता.

दारात शिंपीण आपला गडू घेऊन उभी होती. "झालं का गं? पोरं खोळंबलीत."

सासूबाई पाटावर. त्यांनी माझ्या हातातलं कापड पाहिलं, माझा चेहरा पाहिला, आणि त्यांना सगळं समजलं. त्यांनी डोळ्यांनीच मला खूण केली. खूण काय होती माहितीये? 'काढून टाक आणि दे.' बोटानं तो एक दाणा काढायचा आणि शिंपिणीच्या पोरांना ते दूध घालायचं.

त्या घटकेला मला त्यांच्या पायाची किळस राहिली नाही. पाय बिचारा कुजत होता, त्याला अक्कल नसते.

मी कळशी उचलली आणि उंबऱ्याबाहेर, शिंपिणीच्या पायाशी, सगळं दूध ओतून दिलं. ते अंगणातून वाहत कुंपणापर्यंत गेलं. कुत्रं आलं, त्यानं हुंगलं आणि प्यायला लागलं.

"अगं, वेडी झालीस काय?" शिंपीण म्हणाली.

"दूध नासलंय," मी म्हटलं. "आमच्याकडचंच नासलंय. पलीकडचं नाही." मग मी ह्यांना हाक मारली. "अहो, कळश्यांची हातगाडी काढा. आईंना न्यायचंय."

"आई काय म्हणते?" हे म्हणाले.

"आई आज काही म्हणणार नाहीत. घागरीकडे बघू नका, गाडी काढा."

आणि खरंच, सासूबाई काही म्हणाल्या नाहीत. खूण केलेली त्यांचीच नजर त्यांना लागली असावी. आम्ही दोघांनी त्यांना उचलून हातगाडीवर बसवलं. कुंपणातून बाहेर पडताना त्यांची गोधडी काट्याला अडकली आणि तिथेच राहिली. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात, आमच्या कुंपणानं पाय खाल्ला. तो उघडा पाय घेऊन आम्ही भर वस्तीतून गेलो. दारं उघडत होती आणि लागत होती.

ओढ्यात चाकं रुतली. हे पुढून ओढताहेत, मी मागून ढकलतेय, चिखल गुडघ्यापर्यंत, आणि प्रत्येक धक्क्याला त्या पायातलं पाणी माझ्या मनगटावर येतंय. मेलेल्या मासळीचा वास आणि पायाचा वास, कुठला कुठे संपतो कळेना. मी ओकत होते आणि ढकलत होते. शेवटी ह्यांनी आईला पाठीवर घेतलं. मला वाटतं जन्मात पहिल्यांदा ह्यांनी न विचारता काही केलं.

पलीकडे वन्सं काठावरच उभ्या होत्या, कोणीतरी सांगितलं असावं. त्यांनी आईचा पाय आपल्या हातांवर तोलून धरला आणि चालू लागल्या. गिरणीसमोर गाडी होती आणि गाडीपुढे रांग. रांगेत कोण असावं? आमचाच कुंभार. गवळ्याची म्हातारी. आणि शेवटी भिंतीकडे तोंड करून, टाचेला गोणपाट गुंडाळून, शिंपी.

"अहो, तुम्ही इकडे?" मी म्हटलं.

"बहिणीला भेटायला आलो होतो."

"बहीण गाडीत बसलीय वाटतं."

कुंभार खाली बघून हसला. शिंपी भिंतीकडून वळून म्हणाला, "मावशींना पुढे घ्या. माझं थांबेल."

डॉक्टरीणबाई बारीकशा होत्या, चष्मा सारखा नाकावरून घसरायचा. त्यांनी पाय मांडीवर घेतला. नाक दाबलं नाही, तोंड वाकडं केलं नाही. दाबून पाहिला, तोंडं पाहिली, घोट्याच्या वरचं नवं तोंड पाहिल्यावर मात्र बराच वेळ थांबल्या. मग कागद घेतला.

"आजी, काटा कुठे रुतला होता?"

सासूबाई दमल्या होत्या, डोळे अर्धे मिटलेले. वर्षानुवर्षांची सवय. जिभेवर होतं तेच आलं.

"पलीकडे."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "ओढ्याच्या पलीकडे? म्हणजे तुमच्या घराकडे?"

रांगेतली आमची माणसं आणि तिथली माणसं, सगळी सासूबाईंकडे बघत होती. सासूबाईंनी डोळे उघडले. ओढ्याकडे पाहिलं. त्याच्या त्या बाजूला आमचं छप्पर दिसत होतं, आणि त्याभोवती त्यांनी पायानं दाबलेलं कुंपण. आपण कुठे बसलोय आणि काय बोललोय हे त्यांच्या लक्षात आलं. शब्द माघारी घ्यायला तोंड उघडलं, आणि मग मिटलं.

"हो," त्या म्हणाल्या. "आमच्या गोठ्यात."

डॉक्टरीणबाईंनी लिहिलं. वन्सं तोंडावर पदर घेऊन वळल्या, त्या हसत होत्या की रडत होत्या मला कळलं नाही. मागे शिंपी मोठ्यानं म्हणाला, "माझंही तेच लिहा. अलीकडे... म्हणजे पलीकडे. आमच्याकडे हो."

ह्यांनी विचारलं, "पाय राहील ना?"

"गाडी इथे उभी राहिली त्या पहिल्या आठवड्यात आला असतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तर कदाचित टाच वाचवली असती. आता हाडात गेलंय, अंगात ताप भिनलाय. पाय ठेवला तर माणूस राहणार नाही."

गिरणीपासून पुढे मोठ्या दवाखान्यात नेलं आणि गुडघ्याखालून पाय काढला. मी बाहेर बाकावर बसले होते. हात धुतले, परत धुतले. वास माझ्या हातांना नव्हताच, तरी धुतले.

सासूबाई घरी आल्या तेव्हा ओढ्याला पुन्हा पाणी होतं. औषधाची गाडी आता एक आठवडा तिकडे, एक आठवडा इकडे, शाळेपुढे उभी राहते. शिंप्याची टाच वाचली, थोडी चिरली एवढंच. दुधाची गिऱ्हाइकं निम्मी गेली ती गेलीच. शिंपीण मात्र येते, गडू पुढे करते आणि आधी गाळणं उलटंपालटं करून बघते. बघू दे. मातीचा डबा मी उकिरड्यावर रिकामा केला, बूट जाळला. जळताना त्यानंही घाण वासच सोडला.

सासूबाई पाटावरच बसतात. ह्यांनी कुंपण नव्यानं घातलं, जाड तळाचे बूट घालून, आणि त्या बसल्या जागेवरून सूचना करत राहिल्या. "बसलं नाही ते. वारा आला की उडेल." सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

काल मी त्यांचा उरलेला पाय धूत होते. चांगला आहे, कोरडा, नुसत्या भेगा. त्या बराच वेळ ओढ्याकडे बघत होत्या.

"अगं."

"काय आई?"

"तो पाय कुठे टाकला गं त्यांनी?"

"पुरला म्हणे. दवाखान्याच्या मागे."

"म्हणजे पलीकडे?"

"हो. पलीकडे."

त्यांनी मान डोलावली. चेहऱ्यावर कधीच्या काळी हरवलेली एक ऐट आली.

"बघ," त्या म्हणाल्या. "मी पहिल्यापासून म्हणत होते."